अक्षरं बरोबर बसतात, तरी ओळ का अडते?

ताई, तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या कवितेच्या ग्रुपवर रोज सकाळी एक साचा येतो. कधी हायकू, म्हणजे पाच-सात-पाच अक्षरांच्या तीन ओळी, कधी अष्टाक्षरी, कधी पहिल्या ओळीत एक शब्द, दुसरीत दोन अशी चढती रचना. तुम्ही बोटांवर मोजून लिहिता, मोजणी बरोबर येते, पण मोठ्यानं वाचलं की ओढाताण जाणवते. त्यात लेकीनं तुमच्या हायकूतल्या 'स्वारगेटला' या ओळीवर बोट ठेवलं: ही पाच कुठे, तीनच सिलॅबल आहेत, स्वार-गेट-ला. ग्रुपवरच्या बाई म्हणतात पाच. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. दोघींत बरोबर कोण, शब्द मोजायचे साचे मराठीला मानवतात का, आणि असं मोजूनमापून लिहिलेलं शेवटी कविता होतं का.

मी गेली २२ वर्षं सदाशिव पेठेत दर रविवारी चार-पाच जणांना घेऊन हेच करत बसते. तुमच्यासारखी वही घेऊन येणारी माणसं मला मनापासून आवडतात, म्हणून उत्तर लांबलं तर समजून घ्या.

पहिलं भांडण मिटवू. तुमची लेकही बरोबर आणि बाईही बरोबर, कारण दोघी वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. लेक उच्चार मोजते. बोलताना आपण 'स्वार्-गेट्-ला' असंच म्हणतो. 'र'मधला आणि 'ट'मधला अ आपण गिळून टाकतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ बोलण्यात सहसा राहत नाही, मधलाही पुष्कळदा जातो. 'घर' लिहायला दोन अक्षरं, बोलायला एकच झटका. इंग्रजीत मोजतात ते हे झटके. बाई मोजतात ती अक्षरं. मराठी पद्याची मोजणी पूर्वापार अक्षरांची आहे, तीच धरून चाला. स्वा-र-गे-ट-ला, पाच.

आणि ही नुसती लिपीची सोय नाही बरं का. तो गिळलेला अ गाताना परत येतो. 'सुंदर ते ध्यान' हा तुकोबांचा चरण घ्या. बोलताना 'ध्यान' हा एका दमात निघून जाणारा शब्द आहे. पण कीर्तनात ऐकलंत तर 'ध्या'नंतर 'न' वेगळा उभा राहतो, त्याला स्वतःची जागा मिळते. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. पुढे 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, आणि 'ठेवोनियां' चार. मोठ्या अभंगाचा हा साचा, सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड आहे, आणि सगळी गंमत तिथे आहे. कान सहा अक्षरांची सवय करून बसलेला असतो, चौथ्याला आवाज आधीच थांबतो आणि उरलेल्या जागेत टाळ बोलतो. आषाढी वारीच्या वाटेवर पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या दोन दिवसांत कधी संध्याकाळी तिथे जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. वही नको. मांडीवर बोटांनी अक्षरं धरा. चौथ्या चरणाला बोटं रिकामी राहतात ते एकदा कळलं की साचा म्हणजे काय हे कुणी सांगायला लागत नाही.

मोजणीचे बाकीचे नियम दोन मिनिटांचे आहेत. स्वर किंवा स्वर लागलेलं व्यंजन म्हणजे एक अक्षर. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी एकच: 'स्वातंत्र्य' तीन, 'पर्वती' तीन. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही: 'सिंहगड' चार. पाय मोडलेलं व्यंजन मोजायचं नाही, म्हणून 'आणि' दोन पण 'अन्' एक. इंग्रजी शब्द आपण देवनागरीत लिहितो तसे मोजायचे: 'स्टेशन' तीन, 'एस्टी' दोन. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा याचा संख्येवर काही परिणाम नाही.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण त्यावाचून लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. मराठी पद्याचे तीन मोठे गट आहेत, आणि माधव जूलियन यांनी 'छंदोरचना'त ते फार बारकाईनं मांडून ठेवलेत. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो. मात्रांच्या रचनेत लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आणि अक्षरछंदात फक्त अक्षरांची संख्या बघायची, अक्षर लघु आहे की गुरू याला महत्त्व नाही. अभंग, अष्टाक्षरी, मराठीत रुळलेला हायकू हे सगळे तिसऱ्या गटातले. तरीही हायकूमध्ये 'फूल'चं 'फुल' केलेलं, 'माझ्या'च्या जागी 'मम' आणि 'तुझ्या'च्या जागी 'तव' घातलेलं मला सारखं दिसतं. का, असं विचारलं तर उत्तर येतं, अक्षरात बसवायला. अहो, 'माझ्या'ही दोन आणि 'मम'ही दोन! मात्रांच्या हिशेबात 'मम'नं दोन मात्रा वाचतात, पण तुम्ही मात्रा मोजतच नाही आहात. अक्षरछंदात ही तोडमोड करून पदरात काहीच पडत नाही, वर शंभर वर्षांपूर्वीच्या कवितेचा वास मात्र येतो. तुमच्या वहीत दोन ठिकाणी 'मम' आहे. दोन्ही खोडा, मोजणी हलणार नाही.

आता ओढाताणीकडे येते. तुमच्या अष्टाक्षरीतली ही ओळ बघा:

पाऊस आला अंगणी

अक्षरं आठ. पा-ऊ-स, आ-ला, अं-ग-णी. चूक काढायला जागा नाही, पण मोठ्यानं म्हणा, मध्ये ठेच लागते. आता फक्त शब्दांची जागा बदला:

आला पाऊस अंगणी

तेच शब्द, तीच आठ अक्षरं, आणि ओळ चालायला लागली. पहिली तीन-दोन-तीन अशी तुटते, दुसरी दोन-तीन-तीन. आठ अक्षरांची ओळ कानाला आवडते ती चार-चार अशी, किंवा दोन-तीन-तीन, नाहीतर तीन-तीन-दोन. तीनाला तीनाची जोड हवी असते. दोन तिनांच्या मध्ये दोनाचा शब्द अडकला की ओळ लंगडते. बहिणाबाईंची 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' ही ओळ आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. अ-रे, सं-सा-र, सं-सा-र. दोन-तीन-तीन. ज-सा, त-वा, चु-ल्ह्या-व-र. दोन-दोन-चार. तुकोबांचं 'जे का रंजले गांजले' बघा, तिथेही आधी दोन सुटी अक्षरं आणि मग तीन-तीन. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी ही ओळ बोटांवर मोजली नाही, ती कानानं बसली. आपण शाळेत शिकलो, डोळ्यांनी वाचायला लागलो आणि कान मागे पडला. तो परत आणायचा असेल तर एकच उपाय मला ठाऊक आहे. ओळ लिहून झाली की ती चालता चालता म्हणायची. लकडी पुलावरून जाताना म्हणा, स्वयंपाकघरात कुकर लावताना म्हणा. जिथे पाऊल अडखळेल तिथे शब्दांची अदलाबदल करून बघा. दहापैकी सात वेळा नवा शब्द लागतच नाही.

'अंगणी'बद्दल माझं एक मत सांगते, पटलं तर घ्या. 'अंगणी', 'नयनी', 'मनी', 'गगनी' ही रूपं आपण बोलत नाही. एक अक्षर वाचतं म्हणून ती येतात: 'अंगणात' चार, 'अंगणी' तीन. वर्षातून एखाद्या कवितेत एखादं चालेल. पण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईच्या अंगणी रोज पाऊस यायला लागला की मला ते खरं वाटेनासं होतं. तुमच्या घराला अंगण आहे का? नसेल तर 'आला पाऊस दारात' लिहा. आठच भरतात, दोन-तीन-तीन, आणि खरं आहे.

साच्याचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग भरीच्या शब्दांच्या बाबतीत आहे. मुक्तछंदात एखादा निकामी शब्द कुठेतरी लपून बसतो, कुणाला कळत नाही. सतरा अक्षरांच्या कवितेत दोन अक्षरांचा शब्दही अंगावर येतो. तुमच्या हायकूकडे नंतर येते, पण त्यातला 'ती' मी इथेच धरून ठेवते. हा, ती, ते, असा, गं, रे, जणू, आज, शांत, सुंदर. हे शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. ओळीत यातला एखादा दिसला की तो झाकून ओळ वाचायची. काहीच गेलं नाही असं वाटलं तर तो भरीचा. मग त्याच्या जागी दुसरा भरीचा शब्द आणायचा नाही. ती जागा कशासाठी रिकामी आहे ते शोधायचं. बहुतेक वेळा तिथे एखादी वस्तू येऊ बघत असते आणि आपण 'शांत' लिहून तिला दाराबाहेर ठेवलेलं असतं.

यावर मला एक बाई रविवारी म्हणाल्या, मग जात्यावरच्या ओव्यांत पानोपानी 'बाई' आणि 'गं' कसे? अगदी रास्त प्रश्न होता. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीच्या आणि इतर भागांतल्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या थोड्या जरी ऐकल्यात तरी उत्तर मिळतं. तिथला 'बाई' कागदावर रिकामा दिसतो, पण जात्याचा खुंटा ओढताना श्वास कुठेतरी टाकावा लागतो, आणि तो त्या 'बाई'वर टाकला जातो. त्या शब्दाला काम आहे. ओवीची अक्षरं म्हणूनच ओळीगणिक कमी-जास्त होतात, जातं आणि गळा मिळून ती सांभाळून घेतात. आपल्या हायकूला जातं नाही. आपण कागदावर लिहितो, लोक फोनवर वाचतात. तिथे 'गं'ला टेकायला काही उरत नाही.

आता शब्द मोजायच्या साच्यांबद्दल. तुमच्या ग्रुपवर 'पंचपदी' म्हणून जो दिला होता तो मूळ शाळांमधून आलेला सिंकेनचा प्रकार आहे. पहिल्या ओळीत एक नाम, दुसरीत दोन विशेषणं, तिसरीत तीन क्रियापदं, चौथीत चार शब्दांचं एक वाक्य, पाचवीत पुन्हा एक शब्द. मराठीला तो मानवतो, नुसता मानवत नाही, फार छान मानवतो, पण एक पथ्य पाळावं लागतं. मी मंडईवर केलेला हा नमुना बघा:

मंडई
हिरवी, ओली
हाकारते, तोलते, बांधते
काकूंच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावते
सकाळ

चौथ्या ओळीत चारच शब्द आहेत. पण 'पिशवीतून' या एका शब्दात पिशवी, तिचं आत आणि बाहेर येण्याची दिशा, एवढं सगळं मावलं. हिंदीत प्रत्यय सुटे लिहितात, 'थैली से' म्हटलं की दोन शब्द झाले. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहायची असतात. 'घरासमोर' एक, 'झाडाखाली' एक, 'पावसातसुद्धा' एक. त्यामुळे चार शब्दांत मराठी बाई जेवढा संसार भरते तेवढा दुसऱ्या भाषेत भरायला सात-आठ शब्द लागावेत. पथ्य इथेच आहे. जागा मिळते म्हणून कोंबू नका. 'पिशवीतल्यासारखीच' असले मालगाडीचे डबे नियमात बसतात, पण वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो. आणि सुटा शब्द जोडून एक करायचा नाही. 'आई-बाबा' मध्ये रेघ घातली तरी ते दोन आहेत. परीक्षक मान्य करतील, नाही करतील, आपण दोन धरावेत.

याच सिंकेनचं दुसरं रूप अक्षरांचं आहे आणि माझं ते जास्त लाडकं आहे. अमेरिकेतल्या ॲडलेड क्रॅप्सी या कवयित्रीनं ते घडवलं. १८७८ साली जन्मलेली ही बाई १९१४ मध्ये गेली, अवघं छत्तीस वर्षांचं आयुष्य. जपानी हायकू आणि तांका वाचून तिनं स्वतःच्या भाषेसाठी पाच ओळींचा साचा बांधला: दोन, चार, सहा, आठ आणि परत दोन. ओळ वाढत जाते, वाढत जाते आणि एकदम तुटते. तिच्या भाषेत ते सिलॅबल, आपण अक्षरं धरायची. हा माझा एक:

जातं
कोपऱ्यात
त्याच्यावर कुंडी
आजी पाणी घालताना
गाते

हा लिहिताना मला मराठीचा एक गुण नव्यानं कळला. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आठ अक्षरांच्या ओळीत 'घालताना'पाशी वाक्य लटकत राहतं, आजी काय करते ते कळलेलं नसतं, आणि शेवटच्या दोन अक्षरांत ते पडतं. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन गेलेलं असतं, त्यांना शेवटच्या दोन सिलॅबलसाठी दुसरं काही शोधावं लागतं. आपल्याला ते व्याकरणानंच हातात दिलंय. 'गाते', 'येतो', 'नाही', 'होती', 'गेले' अशी दोन अक्षरांची क्रियापदं आपल्याकडे पोत्यानं आहेत. तुम्ही हा साचा करून बघाच. पहिल्या मसुद्यात माझी तिसरी ओळ 'धूळ खात पडे' होती. तीही सहाच. पण धूळ खाणारं जातं सगळ्यांनी लिहिलंय, आणि माझ्या आजीच्या जात्यावर खरोखर तुळशीची कुंडी होती. धूळ पुसल्यावर कुंडी दिसली.

सात-सहा-पाच करत एका अक्षरापर्यंत उतरणारा जो साचा तुम्ही पाठवलात, त्यात मला फार रस वाटत नाही. एका अक्षराचे शब्द मराठीत मोजकेच: मी, तू, ये, जा, दे, ना, हो. मग सगळ्यांच्याच कविता 'ये' नाहीतर 'ना'वर संपतात. सरावाला ठीक आहे. चारोळीचंही तसंच, चंद्रशेखर गोखल्यांनी ती घराघरांत नेली, पण तिला अक्षरांचा बंध नाही. चार ओळी आणि दुसरी-चौथीला यमक असलं की भागतं. चौथ्या ओळीत सुविचार येऊ लागला की पेन खाली ठेवा, एवढंच तिच्याबद्दल सांगेन.

हायकूवर मात्र थांबते, कारण तुमचं मन त्यात आहे हे पत्रातून दिसतं. मराठीत हायकूची वाट पाडली शिरीष पै यांनी, आणि आपण सगळ्या त्या वाटेनं चालतो. पाच-सात-पाच हा हिशेब जपानीतला. तिथे मोजतात ते 'ओन', आणि ओन आपल्या अक्षरापेक्षा थोडा लहान असतो. 'तोक्यो' आपल्याला दोन अक्षरं, जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ असे चार ओन मोजेल, कारण दोन्ही स्वर लांब आहेत. म्हणजे त्यांचं मोजमाप काही बाबतीत आपल्या मात्रेच्या जवळ जातं. पण लांब स्वर, सुटा 'न्' आणि दुहेरी व्यंजन नसलं की दोन्ही हिशेब जुळतात. जपानी कवी बाशोचा १६८६ मधला तो बेडकाचा हायकू देवनागरीत लिहून मोजा: फुरु इके या / कावाझु तोबिकोमु / मिझु नो ओतो. पाच, सात, पाच. जुनं तळं, बेडूक आत उडी मारतो, पाण्याचा आवाज. पहिल्या ओळीतला 'या' म्हणजे त्यांचा किरेजी, कापणारा शब्द. त्याला अर्थ जवळजवळ नाही, तो फक्त थांबवतो. तळं बघा आणि थांबा, मग बेडूक. आपल्याकडे असा शब्द नाही, पण ओळ तोडून, क्रियापद गाळून तो थांबा आणता येतो. 'आहे' गाळायची मुभा मराठी देते, ती सढळ हातानं वापरा.

किगो म्हणजे ऋतूचा शब्द. इथे लोक चेरीची फुलं लिहितात तेव्हा मला वाईट वाटतं. आपल्याकडे 'वळीव' हा एकच शब्द उच्चारला की वैशाख, दुपारचे चार, मातीचा वास आणि वाळत घातलेले पापड उचलायची धावपळ, सगळं येतं. तीन अक्षरं! हुरडा म्हटला की थंडी आली. बहावा फुलला म्हणजे परीक्षा संपल्या. माठ, कैरी, मोगऱ्याची पुडी, पहिल्या पावसात रस्त्यावर येणारी कणसं. हे आपले किगो. नवीन कुणी आलं की मी त्यांना एका सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेते. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, पाणी, पूल, छाटलेली झुडपं सगळं जपानी. पण तिथेही मी सांगते, अर्धा तास काही लिहायचं नाही, आणि मग जे दिसलं त्यातली एकच पुण्याची गोष्ट लिहायची. एकानं माळ्याच्या डब्यातल्या भाकरीवर लिहिलं होतं. ते मला अजून आठवतं.

हायकू कसा घडतो ते माझ्याच एका रचनेवर दाखवते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. दर पावसाळ्यात आपण सगळे काठावर उभे राहून बघतो. मी घरी येऊन लिहिलं:

नदीला पूर
पुलावरती पाणी
मन उदास

पाच-सात-पाच बिनचूक, आणि कवितेचा पत्ता नाही. पहिल्या दोन ओळी एकच गोष्ट सांगतात. तिसरी ओळ माझी मनःस्थिती सांगते, जिची नदीला काही पडलेली नाही. 'पुलावरती' मधला 'ती' भरीचा, 'पुलावर' चारातच भागत होतं. मग मी डोळे मिटून विचारलं, बाई, तू पाहिलंस काय? तर पुलाच्या तोंडाशी जी पाटी असते, तिचा वरचा काठ पाण्याबाहेर होता आणि त्यावर बगळा बसला होता. तेव्हा लिहिलं:

पूल बुडाला
शांत उभा बगळा
पाटीवरती

वस्तू आल्या, पण 'शांत' परत घुसला. बगळा शांतच असतो. आणि पाटी शेवटी आल्यामुळे बगळा आधी हवेत तरंगतो, मग त्याला टेकायला जागा मिळते. उलटं हवं होतं. दोन दिवस ती पाटी माझ्या डोक्यात होती. मग हे आलं:

पूल बुडाला
पाटीच्या टोकावर
एक बगळा

'एक' भरीचा आहे का, असं तुम्ही विचाराल, विचारायलाच हवं. मी तो झाकून वाचला. 'एक' गेला की बगळा कुठलाही बगळा होतो. एरवी ज्या पुलावर दुचाक्यांची रीघ असते तिथे आता एकटा एकच, हे त्या दोन अक्षरांत आहे. म्हणून ठेवला. 'उदास' कुठेही लिहिलेलं नाही आणि मला जे वाटलं होतं ते मात्र तिथे आहे. मोजूनमापून लिहिलेलं कविता होतं का, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही. तिन्ही मसुद्यांत अक्षरं सतराच होती.

नियमाला किती चिकटायचं, याबद्दल एक खंत सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका स्पर्धेची परीक्षक होते. एक हायकू आला, पहिली ओळ सहा अक्षरांची. बाकी इतका सुरेख की मी तो दोनदा बाजूला काढला आणि दोनदा परत गठ्ठ्यात ठेवला. शेवटी बाद केला. नियम छापलेला होता, पर्याय नव्हता, असं तेव्हा स्वतःला समजावलं. पण लिहिणाऱ्याला दोन ओळींची चिठ्ठी पाठवून 'एवढं एक अक्षर बघा' असं सांगता आलं असतं, ते मी केलं नाही. तेव्हापासून स्पर्धेला पाठवायचं असेल तर मी लोकांना अक्षर न् अक्षर तपासायला लावते, आणि स्वतःच्या वहीत सहावं अक्षर खरंच हवं असेल तर राहू द्या म्हणते. फक्त आधी दहा वेळा ते पाचात बसवायचा प्रयत्न झालेला असावा. आळसानं सुटलेलं अक्षर आणि हट्टानं ठेवलेलं अक्षर यांत फरक असतो, आणि तो वाचणाऱ्याला कळतो.

आता तुमचा हायकू.

स्वारगेटला
शेवटची एस्टी ती
वाट पाहते

मोजणीत खोट नाही. दुसऱ्या ओळीतला 'ती' मघाशी धरून ठेवला होता. तो सातवं अक्षर भरायला आलाय, हे तुम्हालाही लिहिताना जाणवलं असणार. पण त्यानं आणखी एक घोटाळा केला. वाट कोण पाहतंय, एस्टी की बाई, ते कळत नाही. मुद्दाम केलेली संदिग्धता वेगळी, ही तशी नाही. आणि 'शेवटची एस्टी', 'वाट पाहणं' यांत आधीच इतकं भरून ठेवलंय की वाचणाऱ्याला भरायला काही उरत नाही. 'स्वारगेटला' मात्र पक्की ओळ आहे, तिला हात लावू नका. एका शब्दात गाव, गर्दी, निरोप, सगळं आलं.

पत्रात तुम्ही लिहिलंय की आई गावाला परत जायची तेव्हा तुम्ही तिला सोडायला जायचात, आणि जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकायचात. ताई, तो रुमाल कवितेत का नाही? नुसतं दाखवायला म्हणून मी असं मांडून बघितलं:

स्वारगेटला
खिडकीत रुमाल
सुटली एस्टी

पाच, सात, पाच. रुमाल जागा धरायला आहे की हलवायला, की डोळ्यांना लावायला, ते तिसऱ्या ओळीपर्यंत ठरत नाही. पण हा माझा झाला, तुमचा नाही. त्या रुमालाचा रंग मला माहीत नाही, तो तुमचा होता की आईचा, तेही नाही. आई खिडकीतून शेवटी काय म्हणायची, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. ते आठवा आणि सात अक्षरांत बसतंय का बघा. आठ झाली तर खोडू नका, तशीच मला पाठवा.